घडून गेलेले भविष्य : नियोजित उत्क्रांतीच्या लेखनातील काळ आणि कर्ता

१

मानवाची उत्क्रांती यापुढे निसर्गाच्या भरवशावर न सोडता विज्ञान-तंत्रज्ञानाच्या साहाय्याने माणसाने स्वतःच तिला दिशा द्यावी, हा विचार इंग्रजीत विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत ज्या लेखनातून आकाराला आला, त्याचे वाचन आपल्या विद्यापीठांतून बहुधा युटोपिया आणि डिस्टोपिया या जोडीच्या चौकटीत होते. एका बाजूला आशावादी हॉल्डेन, दुसऱ्या बाजूला सावध करणारे ऑल्डस हक्सली, आणि मग भारतीय प्रतिसाद म्हणून श्रीअरविंदांचे 'द लाइफ डिव्हाइन'. पाश्चात्त्य यंत्र विरुद्ध पौर्वात्य अध्यात्म अशी ही मांडणी सोयीची असली, तरी तिच्यातून साहित्यविषयक फारसे काही हाती लागत नाही. 'आर्य' मासिकातून १९१४ पासून क्रमशः प्रसिद्ध झालेले श्रीअरविंदांचे लेखन या तुलनेत केवळ प्रतिपक्षाची जागा भरण्यासाठी वापरले जाते, हा त्याच्यावरही अन्यायच आहे. प्रस्तुत निबंधात वेगळी वाट घ्यायची आहे. हे लेखन कोणत्या काळात बोलते, आणि त्यातील क्रियापदांना कर्ता कोण, एवढेच दोन प्रश्न येथे विचारायचे आहेत. व्याकरणाचे हे प्रश्न वाटतात तितके निरुपद्रवी नाहीत.

जे. बी. एस. हॉल्डेन यांनी ४ फेब्रुवारी १९२३ रोजी केंब्रिजमधील 'हेरेटिक्स' या मंडळापुढे एक निबंध वाचला. पुढे तो 'डेडलस ऑर सायन्स अँड द फ्यूचर' या नावाने पुस्तिकारूपात आला. गर्भाशयाबाहेर मूल वाढवण्याच्या तंत्राची कल्पना या निबंधात आहे, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ती सांगण्यासाठी हॉल्डेन यांनी योजलेल्या युक्तीकडे मात्र दुर्लक्ष होते. हा भाग ते स्वतःच्या आवाजात सांगतच नाहीत. दीडशे वर्षांनंतरचा एक बेताच्या बुद्धीचा विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांना विसाव्या शतकातील जीवशास्त्राच्या प्रभावावर निबंध वाचून दाखवतो आहे, आणि आपण त्याचा उतारा ऐकतो आहोत, अशी ती रचना आहे. असे पहिले मूल १९५१ मध्ये जन्माला आले, फ्रान्सने ही पद्धत प्रथम अधिकृतपणे स्वीकारली, १९६८ पर्यंत तेथे वर्षाला ६०,००० मुले या रीतीने होऊ लागली, आणि आता इंग्लंडात स्त्रीच्या पोटी जन्मणाऱ्या मुलांचे प्रमाण तीस टक्क्यांहूनही कमी आहे. हे सगळे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेच्या थाटात, सनावळीसह सांगितले जाते.

भविष्य येथे भूतकाळात सांगितले आहे. जे अजून व्हायचे आहे ते 'झाले' म्हणून सांगितले की त्याविषयी 'व्हावे का?' असे विचारण्याची जागाच उरत नाही. इतिहासाशी वाद घालता येत नाही, तो फार तर पाठ करता येतो. निवेदक मंदबुद्धी असल्यामुळे लेखकाला त्याच्या विधानांची जबाबदारीही घ्यावी लागत नाही. श्रोते हसतात आणि हसता हसता कल्पना स्वीकारून बसतात. याच उताऱ्यात असे म्हटले आहे की पुढील पिढीचे पूर्वज म्हणून निवडले जाणारे थोडे स्त्री-पुरुष सामान्यांहून इतके सरस असतात की दर पिढीत होणारी प्रगती थक्क करणारी आहे. उत्तम संगीताची निर्मिती वाढते, चोरीबद्दलच्या शिक्षा घटतात. 'निवडले जाणारे' येथे थांबायला हवे. कोणाकडून निवडले जाणारे? संपूर्ण उताऱ्यात या प्रश्नाला उत्तर नाही. (मराठीत या धाटणीला नवीन कर्मणी म्हणतात आणि ती इंग्रजीच्या वळणावरून आली असे व्याकरणकार सांगतात. कर्ता सोयीस्करपणे गाळण्याची सवड आपल्यालाही तिच्याबरोबरच मिळाली असावी.)

डेडलस हे नावही विचारपूर्वक निवडलेले आहे. राणी आणि बैल यांच्या संयोगातून मिनोटॉर जन्माला यावा अशी व्यवस्था करणारा हा कारागीर हॉल्डेन यांना जीवशास्त्रीय संशोधकाचा पूर्वज वाटतो, आणि देवांनी त्याला शिक्षा केली नाही याकडे ते आवर्जून लक्ष वेधतात. बर्ट्रंड रसेल यांनी १९२४ मध्ये उत्तर दिले ते 'इकॅरस' या नावाने, म्हणजे बापाऐवजी बुडालेल्या मुलाच्या नावाने. जीवशास्त्रातील प्रत्येक नवी युक्ती आरंभी विकृती वाटते आणि कालांतराने तिचा विधी बनतो, हे दाखवताना हॉल्डेन गाईचे दूध काढण्याचे उदाहरण देतात आणि तेथे हिंदूंच्या गोभक्तीचाही उल्लेख येतो. भारत त्यांच्या या निबंधात असा येतो : एके काळी धक्कादायक असलेल्या आणि आता पवित्र झालेल्या तंत्राचा देश म्हणून. हा धागा पुढे लागेल.

ओलाफ स्टेपल्डन यांच्या 'लास्ट अँड फर्स्ट मेन' (१९३०) मध्ये हीच युक्ती टोकाला नेलेली आहे. दोन अब्ज वर्षांचा, अठरा मानवजातींचा इतिहास नेपच्यूनवरील अखेरच्या मानवांपैकी एक जण आजच्या एका लेखकाच्या हातून लिहवून घेतो. तिसरी जात चौथीला घडवते, ती केवळ प्रचंड मेंदूंच्या रूपात. ते मेंदू पुढे पाचवी जात घडवतात. घडवणारा आणि घडलेला यांतील संबंध या कादंबरीत वारंवार तपासला जातो, म्हणून ती मला 'डेडलस'पेक्षा प्रामाणिक वाटते. तरीही कोट्यवधी वर्षांच्या अंतरावरून पाहिले की जातीच्या जाती नष्ट होण्याचे दुःखही चित्रासारखे सुंदर दिसू लागते. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) विषयी येथे थोडक्यातच बोलतो, कारण तिच्यावर पुरेसे लिहिले गेले आहे. हक्सली यांनी उत्तरपत्रिकेतील मजकूर घेतला आणि तिचा थाट मोडला. उबवणी केंद्राचा संचालक विद्यार्थ्यांना केंद्र दाखवतो, विद्यार्थी घाईघाईने वह्यांत उतरवून घेतात. हॉल्डेन यांचा मंद विद्यार्थी येथे अख्खा वर्ग झाला आहे, आणि गाळलेला कर्ताही पांढरा कोट घालून समोर उभा आहे.

२

याच दशकात हा विचार मराठीत येतो, तेव्हा पहिली गोष्ट घडते ती भाषांतराच्या पातळीवर. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ मध्ये ग्रीक घटकांपासून बनवलेला 'युजेनिक्स' हा शब्द इंग्रजी वाचकाला नवा, काहीसा परका, प्रयोगशाळेतला वाटत होता. मराठीत त्याला प्रतिशब्द मिळाला 'सुप्रजनन'. 'सुप्रजा' हा शब्द मात्र जुना आहे. विश्वामित्र रामाला जागे करतो तेव्हाच्या रामायणातील संबोधनात तो आहे. त्यामुळे मराठी वाचकाच्या कानावर हे शास्त्र आले तेच मुळी आठवणीसारखे. ग्रीकमध्ये जे नव्याने घडवावे लागले, ते संस्कृतात आधीच होते असा भास एका शब्दाने निर्माण केला. पारिभाषिक शब्दांच्या इतिहासाकडे आपण कोशकारांचे काम म्हणून पाहतो. तुलनाकाराने मात्र येथे सावध असले पाहिजे, कारण वादातील अर्धी बाजू शब्दाने आधीच मांडून टाकलेली असते.

या संदर्भातील महत्त्वाचा ग्रंथ एका मराठी कादंबरीकाराचा आहे आणि तो इंग्रजीत आहे. ना. सी. फडके यांचे 'सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया' १९२७ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाले. भारतात सुप्रजननाची चळवळ सुरू व्हावी यासाठी केलेले आवाहन असे त्याचे स्वरूप उपशीर्षकातच सांगितले आहे, आणि त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना आहे. संततिनियमनाचा पुरस्कार, बालविवाहाला विरोध, सुधारणावादी सूर हे सगळे त्यात आहे. परंतु युक्तिवादाचा आधार शोधताना फडके मागे वळतात. प्राचीन आर्यांच्या विवाहसंस्थेत सुप्रजननाची जाण होती, ती मधल्या काळात हरवली, आणि आता आधुनिक शास्त्राच्या साहाय्याने ती परत मिळवायची, असा त्यांच्या प्रतिपादनाचा ओघ आहे. हॉल्डेन यांचे भविष्य भूतकाळात सांगितलेले होते. फडके यांचे भविष्य भूतकाळातच ठेवलेले आहे. एकात तंत्र अजून यायचे आहे पण आल्यासारखे सांगितले जाते, दुसऱ्यात ते येऊन गेलेले आहे म्हणून पुन्हा आणायचे आहे. 'व्हावे का?' या प्रश्नाची वाट दोन्हीकडे बंद होते.

हे पुस्तक फडक्यांच्या वाङ्मयीन कर्तृत्वाच्या विवेचनात तळटीपेपुरतेच का येते, हे मला कोडे वाटत आले आहे. 'कुलाब्याची दांडी' (१९२५), 'जादूगार' (१९२८), 'दौलत' (१९२९) या कादंबऱ्यांच्या ऐन मध्यावर ते लिहिलेले आहे. देखण्या, सुशिक्षित, नीटनेटक्या तरुण-तरुणींनी परस्परांना निवडणे हाच ज्या कादंबऱ्यांचा प्राण, त्यांचा लेखक त्याच वर्षांत निवडीच्या शास्त्रावर ग्रंथ लिहितो, या योगायोगाची दखल 'कलेसाठी कला' या वादात बुडालेल्या समीक्षेने घेतली नाही. कादंबऱ्या ग्रंथाची उदाहरणे आहेत असे मला म्हणायचे नाही. पण फडक्यांच्या नायक-नायिकांना कोणते शरीर, कोणता वर्ग आणि कोणते आडनाव असते, या प्रश्नाला केवळ रंजनाच्या सूत्राने उत्तर देता येणार नाही.

त्याच १९२७ च्या जुलैत र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' सुरू झाले. कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते. त्यांचा भर वंशाच्या भवितव्यापेक्षा व्यक्तीच्या, विशेषतः स्त्रीच्या, स्वतःच्या शरीरावरील अधिकारावर राहिला. त्यामुळे त्यांच्या लेखनाला पूर्वजांची गरज पडली नाही आणि समाजाने त्यांना माफही केले नाही. १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'वरील अश्लीलतेच्या खटल्यात कर्वे यांची बाजू मांडायला उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

३

आंबेडकरांना या चर्चेत आणण्याचे कारण हा खटला नव्हे. ९ मे १९१६ रोजी, म्हणजे 'डेडलस'च्या जवळजवळ सात वर्षे आधी, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. समाजशास्त्राच्या इतिहासात त्याला मान्यता आहे. या निबंधाच्या विषयासंदर्भात तो कोणी वाचल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आंबेडकरांचा प्रश्न असा आहे : एखाद्या गटाला आपल्या आतच विवाह करायचे असतील, तर त्याला काय काय करावे लागेल? गटात विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समान राहिली पाहिजे. नवरा आधी मेला तर एक स्त्री 'अतिरिक्त' होते, बायको आधी मेली तर एक पुरुष. या अतिरिक्तांची व्यवस्था लावली नाही तर ते गटाबाहेर जोडीदार शोधतील आणि भिंत कोसळेल. मग उपाय कोणते? अतिरिक्त स्त्रीला पतीबरोबर जाळणे, किंवा आजन्म वैधव्यात ठेवणे. अतिरिक्त पुरुषाला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे; त्याच्यावर ब्रह्मचर्य लादावे, अथवा अजून विवाहयोग्य न झालेल्या वयोगटातून त्याला मुलगी आणून द्यावी. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी अशा रीतीने एकाच गणिताच्या पायऱ्या ठरतात.

या निबंधाची शैली थंड आहे आणि तो थंडपणा हेतुपुरस्सर आहे. जिला धर्म म्हणून गौरवले जाते ती गोष्ट येथे यंत्राच्या आराखड्यासारखी उलगडून ठेवली आहे : हा भाग, त्याचे हे काम. प्रजननाचे नियमन करणारे एक तंत्र समाजात शतकानुशतके चालू आहे, त्याला प्रयोगशाळा लागत नाही, आणि ते चालण्यासाठी लागणारे इंधन म्हणजे स्त्रीचे शरीर, हे १९१६ मध्ये स्वच्छ सांगितले गेले आहे. शिवाय येथे कर्ता गाळलेला नाही. कोणा एका मनूने जातिव्यवस्था लादली नाही, हे आंबेडकर स्पष्ट करतात. पण आपले दार आधी कोणत्या वर्गाने बंद करून घेतले आणि इतरांनी अनुकरणाने ते कसे केले, हेही नाव घेऊन सांगतात. हॉल्डेन यांच्या 'निवडले जाणारे' या प्रयोगाशेजारी हा निबंध ठेवला की फरक कळतो.

'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मध्ये आंबेडकर याच विषयाकडे थेट येतात. जातिव्यवस्था म्हणजे वंशशुद्धीसाठी पूर्वजांनी केलेली शास्त्रीय योजना, असा बचाव तोवर रूढ झाला होता. त्याचे खंडन ते चार अंगांनी करतात. भारतातील सर्व जाती वंशदृष्ट्या मिश्र आहेत. पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चांभार एकाच वंशाचे आहेत. हेतू जर सुप्रजननाचा, तर आंतरविवाहाबरोबर सहभोजनालाही बंदी कशासाठी? एका पंक्तीत जेवल्याने आनुवंशिकतेत काय बदलते? परिणाम पाहावेत तर निपजलेली प्रजा दुबळ्या शरीराची आहे, तिच्यातील बहुसंख्य सैनिकी सेवेला अपात्र ठरतात. आणि शेवटी, आधुनिक शास्त्रज्ञांनाही अजून जे ठाऊक नाही ते ज्ञान पूर्वजांच्या पदरात टाकण्याचा हा खटाटोप आहे. त्यासाठी ते बेटसन यांच्या आनुवंशिकतेवरील ग्रंथाचा आधार घेतात. यातील तिसरा मुद्दा मला अडचणीचा वाटतो. दुबळ्या प्रजेचा दाखला देताना आंबेडकर क्षणभर का होईना प्रतिपक्षाचीच फूटपट्टी हातात घेतात, आणि शरीरांची प्रतवारी करणारी भाषा त्यांच्याही वाक्यात शिरते. युक्तिवादाच्या दृष्टीने ते क्षम्य आहे, पण अभ्यासकाने ते झाकू नये. चौथा मुद्दा मात्र निर्णायक आहे, कारण तो भूतकाळाच्या व्याकरणावरच घाव घालतो. पूर्वजांना माहीत होते, या विधानातील क्रियापदच तो काढून घेतो.

रूपाच्या अंगाने पाहता 'डेडलस' आणि 'कास्ट्स इन इंडिया' प्रत्यक्ष वाचले गेले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले पण न झालेले भाषण आहे. निमंत्रकांनी ते नाकारले. त्यामुळे त्यातील 'तुम्ही' हा श्रोता विलक्षण जिवंत आहे : तो समोर असायला हवा होता आणि नाही. हॉल्डेन यांच्या निबंधात बोलणारा दीडशे वर्षे दूर आहे म्हणून उत्तरदायी नाही. आंबेडकरांच्या भाषणात ऐकणारा उठून गेला आहे तरी त्याला उत्तरदायी धरले जाते. 'डेडलस'चा अभ्यास विज्ञानकथेच्या आणि आंबेडकरांचा अभ्यास दलित विचाराच्या अभ्यासपत्रिकेत करण्याची आपली रीत हा फरक दिसू देत नाही.

अमराठी विद्यार्थ्यांच्या वर्गात हक्सली शिकवताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. विद्यार्थी ती कादंबरी भविष्याचा इशारा म्हणून वाचतात आणि हुकूमशाही राज्याच्या उबवणी केंद्राची वाट पाहत बसतात. आपल्याकडे तंत्र आले ते राज्याच्या नव्हे, कुटुंबाच्या हातात. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत देशात ९४५ होती ती २००१ मध्ये ९२७ झाली. महाराष्ट्रात ९४६ वरून ९१३. येथे संचालक नव्हता, सासू होती, नवरा होता, डॉक्टर होता, आणि अनेकदा स्वतः ती स्त्रीही होती. आंबेडकरांच्या १९१६ च्या गणितात अतिरिक्त स्त्रीची विल्हेवाट तिच्या पतीच्या मृत्यूनंतर लावली जात होती. नव्या तंत्राने तो क्षण तिच्या जन्माआधी आणला. चीनमधील संशोधक ह जियानकुई यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये केलेली घोषणाही या संदर्भात आठवते. जनुक संपादित केलेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत, असे त्यांनी जगाला सांगितले. जन्माव्यात का, ही चर्चा जगभर चालू असताना वाक्य आले ते पूर्ण भूतकाळात. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा दिली, पण वाक्य मागे घेता येण्यासारखे नव्हते.

४

भूतकाळाच्या व्याकरणाचा मोह आजही ओसरलेला नाही. जानेवारी २०१९ मध्ये जालंधर येथील भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनात कौरवांचा जन्म हा परीक्षानळीच्या तंत्राचा पुरावा असल्याचे एका कुलगुरूंनी सांगितले. अशा विधानांची थट्टा करणे सोपे आहे. परंतु महाभारतातील जन्मकथा खरोखरच नियोजित प्रजननाच्या कथा आहेत, एवढे त्यात तथ्य आहे. त्या कशा वाचायच्या, याचे उत्तर मराठीत आहे, आणि ते अशा लेखिकेने दिलेले आहे जिने वंशशास्त्राची प्रयोगशाळा आतून पाहिली होती.

इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली, मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांसाठी १९२७ मध्ये उघडलेल्या कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांनी डॉक्टरेटचे काम केले. विषय होता मानवी कवटीतील असमिती. कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध दिसावा, अशी मार्गदर्शकांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी शंभराहून अधिक कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही असे लिहिले. पुढे भारतात त्यांनी मोजमापे घेणे थांबवले नाही, आणि त्यांच्या मानवशास्त्रात त्या परंपरेचे अवशेष राहिले, हे मान्यच करायला हवे. पण 'युगान्त' (१९६७) मध्ये मोजमाप बदलते. तेथे त्या हिशेब मांडतात तो माणसांच्या वाट्याला आलेल्या भोगांचा.

'युगान्त'मधील भीष्म हा कुरुवंशाचा नियोजक आहे. त्याने स्वतः अपत्य निर्माण न करण्याची प्रतिज्ञा घेतली आहे, आणि तीन पिढ्यांच्या अपत्यांची व्यवस्था तोच पाहतो. काशीच्या राजकन्या तो पळवून आणतो, आंधळ्या धृतराष्ट्रासाठी गांधारी आणतो, पंडूसाठी माद्री मिळवतो. अंबिका आणि अंबालिका यांच्यावर नियोग लादला जातो. कुंतीलाही त्याच वाटेने जावे लागते, आणि युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असावा असा तर्क इरावतीबाई करतात. तर्क बरोबर की चूक, हा महाभारताच्या अभ्यासकांचा प्रश्न आहे. येथे महत्त्वाचे हे की देवांचे नाव घेऊन सांगितलेल्या जन्माला त्या एक मानवी कर्ता परत मिळवून देतात. 'धर्मापासून झाला' या वाक्यात कोणाकडून, कोणाच्या आज्ञेने आणि कोणाच्या देहावर, ही तीन पदे त्या भरतात.

हक्सली यांच्या कादंबरीत उबवणी केंद्राच्या संचालकाचे पद जाते ते त्याचा मुलगा सर्वांसमोर त्याला बाप म्हणून हाक मारतो तेव्हा. जमलेले कामगार पोट धरून हसतात, कारण तो शब्द तेथे ग्राम्य आहे. भीष्माला बाप म्हणणारे कोणी नाही, आणि सारे कुरुकुल त्याला पितामह म्हणते. 'युगान्त'मध्ये या पदवीच्या आदराला बाजूला ठेवून त्याच्या निर्णयांनी ज्या स्त्रियांची आयुष्ये नासली त्यांची मोजणी होते : अंबा, अंबिका, अंबालिका, गांधारी, कुंती, माद्री. अंबेपुढे इरावतीबाई थोड्या अधिक रेंगाळतात. वंशाच्या योजनेत जिचा उपयोग झाला नाही अशी ती एकटीच आहे.